आधी भिंत, मग पाल

पुण्या-नागपुरात ट्यूबलाइटच्या मागे ठाण मांडून बसणारी पिवळट पोटाची दणकट पाल इतकी घरची झाली आहे, की ती मूळची कुठली हा प्रश्न कुणाला पडत नाही. विज्ञानाच्या दप्तरी मात्र तिची पहिली नोंद भारतातली नाही. एडुआर्ड रुपेल या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने १८३५ साली तिचं वर्णन छापलं, ते तांबड्या समुद्राकाठच्या मसावा बंदरात, म्हणजे आजच्या एरिट्रियात, सापडलेल्या पालीवरून. आफ्रिकी घरपालीची गोष्ट याहून विलक्षण. तिला शास्त्रीय नाव मिळालं १८१८ साली, आणि तो नमुना होता अटलांटिकच्या पलीकडचा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचा. दोन्ही ठिकाणी शास्त्रज्ञ यायच्या आधी पाल पोचली होती, भिंतीवर चढली होती आणि तिथलीच म्हणून खपूनही गेली होती.

परक्या भूमीत जाऊन वसलेल्या जीवांची चर्चा आपल्याकडे गाजरगवत आणि घाणेरीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. त्यांनी शेत आणि रान खाल्लं, म्हणून ती डोळ्यांवर आली. घरपाल शेत खात नाही, धान्य नासवत नाही. ती दिसल्यावर लोक ओरडतात, पण ती वाढली म्हणून कुणी अर्ज करत नाही. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या जवळजवळ प्रत्येक बंदरात झालेलं हे स्थलांतर फारशा गाजावाजाविना पार पडलं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत मात्र हवाई, ऑस्ट्रेलिया, मॉरिशस, फ्लोरिडा, कुरासाव अशा ठिकाणी यावर गंभीर काम झालं आहे. ते सगळं एकत्र ठेवून पाहिलं तर तीन प्रश्न उरतात: या पाली जातात कशा, जिंकतात का, आणि त्यांच्या येण्याने कुणाचं नेमकं काय बिघडतं? तिन्ही उत्तरांत पालीपेक्षा माणसाच्या बांधकामाचा वाटा मोठा निघतो.

मूळ गाव

जगभर घरांत राहणाऱ्या बहुतेक आगंतुक पाली हेमिडॅक्टायलस या एकाच वंशातल्या आहेत. या वंशात आज दीडशेहून अधिक प्रजाती गणल्या जातात, पण जग फिरलेल्या प्रजाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांत सर्वांत पुढे आहे हेमिडॅक्टायलस फ्रेनेटस: कोकणात, मुंबईत, गोव्यात रात्री चुकचुकणारी, शेपटीवर बारीक काट्यांच्या ओळी असलेली पाल. इंग्रजी पुस्तकांत तिला आशियाई घरपाल म्हणतात. दुसरी हेमिडॅक्टायलस फ्लाविविरिडिस, म्हणजे वर आलेली पिवळ्या पोटाची. ती भारतापासून इराण, अरबस्तान आणि ईशान्य आफ्रिकेच्या बंदरांपर्यंत पसरली आहे. तिसरी आफ्रिकेची माबुइया, चौथी भूमध्य समुद्राभोवतीची टर्सिकस, पाचवी गार्नोटी. या गार्नोटीत नरच नसतात.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रोहिणी बन्सल आणि प्रवीण कारंत यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी भारतातल्या हेमिडॅक्टायलस पालींचा डीएनए तपासून त्यांची वंशावळ मांडली. तीत भारतातल्या बहुसंख्य प्रजाती एकाच शाखेत आल्या. म्हणजे त्या इथेच, एका पूर्वजापासून फुटत गेल्या. आणि माणसाच्या सोबतीने लांबवर पसरलेल्या तीन पाली, फ्रेनेटस, फ्लाविविरिडिस आणि तेव्हा ब्रुकी या एकाच नावाखाली मोडणारा गट, याही त्याच भारतीय शाखेत बसल्या. ब्रिस्बेन किंवा होनोलुलूत 'परकी' ठरलेल्या पालीचं मूळ गाव असं भारतीय उपखंडाकडे येतं.

याच शाखेचं दुसरं टोक साताऱ्याच्या पठारावर आहे. हेमिडॅक्टायलस सातारेन्सिस ही पाल वरद गिरी आणि एरन बावर यांनी २००८ साली जगापुढे आणली. ती भिंतीवर चढत नाही. जमिनीवर, दगडांच्या आडोशाला राहते आणि तिचा मुलूख काही पठारांपुरता आहे. सड्यावरचे दगड हलले तर तिचं बिऱ्हाड उठतं. एकाच वंशातली एक पाल महासागर ओलांडते आणि दुसरीला शेजारचा घाटही ओलांडता येत नाही. प्रवासाचा गुण वंशातल्या सगळ्यांना सारखा मिळालेला नाही, तो मोजक्या प्रजातींत उतरला आहे.

आफ्रिकी पालीबाबत हेच अधिक ठळकपणे दिसलं. ईशान अग्रवाल यांच्यासह पाच संशोधकांनी २०२१ साली माबुइया नावाखालच्या पालींची आनुवंशिक छाननी केली. ज्याला आपण एक प्रजाती म्हणत होतो, त्यात आफ्रिकेत किमान वीस वेगवेगळ्या शाखा निघाल्या. त्यांतल्या बाकीच्या आपापल्या प्रदेशात राहिल्या. अमेरिका खंडांत आणि बेटाबेटांवर पसरली ती एकच. तिच्या पसरण्याचा माग अटलांटिकवरच्या गुलामांच्या व्यापाराशी जुळतो. माणसांना साखळदंडांत घालून नेणाऱ्या जहाजांच्या लाकडी फटींतून ही पाल नव्या खंडात उतरली असावी, असा त्या अभ्यासाचा रोख आहे.

फटीतला प्रवास

पाल प्रवासाला योग्य आहे याची कारणं तिच्या शरीरात सापडतात. घरपाल एका वेळी दोन अंडी घालते. त्यांचं कवच साप-सरड्यांच्या अंड्यांसारखं मऊ, चामट नसतं. ते चुनखडीचं, कडक असतं आणि लवकर सुकत नाही. अंडी घालायला माती लागत नाही, ओल लागत नाही. खोक्याची घडी, फर्निचरची सांध, कंटेनरच्या दाराची खाच पुरते. महिना-दीड महिन्याहून अधिक काळ ती तशीच पडून राहतात, तेवढ्यात जहाज कुठल्या कुठे पोचतं. मोठी पाल बरेच दिवस उपाशी राहू शकते. दिवसा ती लपून बसते, म्हणून माल चढवताना हमालाला दिसत नाही आणि उतरवताना तपासनिसाला दिसत नाही.

याहून कामाचा गुण मादीचा. फ्रेनेटसची मादी नराशी एकदा मिलन झाल्यावर त्याचे शुक्राणू अंगात साठवून ठेवते. प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांत अशा माद्यांनी छत्तीस आठवड्यांपर्यंत फलित अंडी दिली आहेत. नव्या बंदरात एकटी मादी उतरली तरी वसाहत उभी राहू शकते. गार्नोटी आणि पॅसिफिकमधली शोकपाल, लेपिडोडॅक्टायलस लुगुब्रिस, यांना तेवढीही गरज नाही. त्यांच्यात माद्याच असतात आणि त्या नराशिवाय प्रजा वाढवतात. याला अनिषेकजनन म्हणतात. मोठ्या नर-मादीच्या लवाजम्याशिवाय, एकाच जीवापासून बेट व्यापायची ही सोय समुद्रावर किती उपयोगी पडली हे पॅसिफिकचा नकाशा पाहिला की कळतं. शोकपाल तिथे बहुतेक ठिकाणी पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांबरोबर, युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी पोचली असावी.

हवाई बेटांवर माणूस येण्याआधी जमिनीवर राहणारा एकही सरपटणारा प्राणी नव्हता. आज तिथे भिंतीवर जे जे सरपटतं ते आणलेलं आहे. आधी होड्यांतून शोकपाल आणि तिच्या सोबतिणी आल्या. फ्रेनेटस आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, सैन्याच्या सामानाची ये-जा वाढली तेव्हा. ऑस्ट्रेलियात डार्विनमध्ये ती १९६०च्या दशकात स्थिरावली, ब्रिस्बेन बंदरात १९८०च्या दशकात, आणि तिथून रस्त्याने, ट्रकमधल्या मालाबरोबर ती क्वीन्सलंडच्या गावोगावी गेली. न्यूझीलंडच्या बंदरांवर आलेल्या मालात ती वारंवार पकडली जाते.

अमेरिकेत फ्लोरिडाचा दक्षिण भाग हे पालींचं जंक्शन झालं आहे. भूमध्य समुद्राकडची टर्सिकस तिथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दिसली, गार्नोटी १९६०च्या दशकात, माबुइया १९९०च्या सुमारास. आग्नेय आशियातला टोके, निळ्या अंगावर केशरी ठिपके असलेला पालीचा हातभर लांबीचा दांडगा प्रकार, तिथे पाळीव प्राण्यांच्या बाजारातून आला. काहींनी तर तो झुरळं मारील म्हणून मुद्दाम सोडला. लुइझियानातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये २०१०च्या दशकात श्रीलंका आणि केरळकडची ठिपकेदार घरपाल आढळली. जहाज, ट्रक, कुंडीतली रोपं आणि हौशी माणसाची पिशवी, या चार वाटांनीच बहुतेक प्रवास झाला आहे.

दिव्याखालची लढाई

येणं सोपं, टिकणं आणि आधीच्यांना हटवणं हा वेगळा भाग. यावरचं सर्वांत गाजलेलं काम हवाईतल्या ओआहू बेटावर, मोकळ्या पडलेल्या विमानहँगरांमध्ये झालं. केनेथ पेट्रेन, टेड केस आणि डग्लस बोल्जर यांना दिसत होतं, की फ्रेनेटस पोचली त्या इमारतींवरून शोकपाल झपाट्याने कमी होते. कारण काय असावं? फ्रेनेटस तिला मारते, खाते, की हाकलते? लहान पिलं खाल्ली जातात हे खरं होतं, नव्या पालीचा नुसता वावर जुनीला बिचकवतो हेही दिसलं. पण मुख्य उत्तर भुकेचं निघालं.

हँगरच्या भिंतीवर दिवा लावला की कीटक दिव्याभोवती गोळा होतात. फ्रेनेटस अंगाने मोठी, पळायला चपळ. गुळगुळीत भिंतीवर ती सरळ धाव घेऊन कीटक टिपते आणि शोकपालीला उरतं ते थोडकं. कीटक कमी मिळाल्याने शोकपाल रोडावते, अंडी कमी घालते आणि काही पिढ्यांत तिची संख्या घसरते. यात मारामारी फारशी नाही. एकाच ताटातलं एकीने आधी संपवणं आहे.

पुढची पायरी अधिक बोलकी ठरली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेट्रेन आणि केस यांनी अशाच भिंतींवर आडवे-उभे पत्रे बसवले. आता भिंत सपाट राहिली नाही. मधे अडथळे, आडोसे, कोपरे आले. कीटक एका जागी सापडेनात, सरळ धावेचा फायदा संपला आणि शोकपालीवरचा ताण कमी झाला. पाली त्याच, बेट तेच, दिवे तेच. भिंतीचा पोत बदलला आणि स्पर्धेची तीव्रता उतरली. आगंतुक पालीचा विजय तिच्या अंगातल्या एखाद्या अजिंक्य गुणाचा नसून सपाट भिंत आणि तिच्यावरचा दिवा या जोडीचा आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही.

सपाट भिंतीवर पाल टिकते ती बोटांखालच्या सूक्ष्म केसांमुळे. हे केस टोकाला शेकडो शाखांत फुटतात आणि पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात, की रेणूंमधलं क्षीण आकर्षण शरीराचं वजन पेलू शकतं. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात हे मोजून दाखवलं. ही देणगी पालींच्या बहुतेक वंशांना आहे, त्यामुळे ती एकटी जिंकवत नाही. फरक पडतो वागण्यात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं आढळलं, की फ्रेनेटस उजेडात यायला तयार असते, तर स्थानिक गेहायरा पाल दिव्याच्या झोतापासून अंतर राखते. विजेचा दिवा ही पालींच्या उत्क्रांतीतली कालची गोष्ट. जी उजेडाला बुजत नाही तिला रोज रात्री ताट वाढलेलं मिळतं.

म्हणूनच या पाली पुष्कळ ठिकाणी गावकुसाबाहेर विरळ होत जातात. घनदाट जंगलात दिवा नाही, सपाट भिंत नाही, खाणारे अधिक आणि अन्न विखुरलेलं. पण हा नियम सरसकट लावता येत नाही. जिथे निसर्गातच उघडे कडे, ताडासारखी गुळगुळीत झाडं आणि स्पर्धक कमी आहेत, तिथे फ्रेनेटसला माणसाचं घर लागत नाही. ऑस्ट्रेलियातही ती वस्तीपासून दूर झाडोऱ्यात सापडू लागली आहे. कॉनराड हॉस्किन यांनी २०११ मध्ये नेमका हाच इशारा दिला होता: शहरातली पाल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, रानातल्या नोंदी गांभीर्याने घ्या.

बेटांवरचं नुकसान

मोठ्या खंडांवर घरपालीमुळे एखादी प्रजाती नामशेष झाल्याचं उदाहरण नाही. नुकसानीची खरी प्रकरणं बेटांवरची आहेत.

मॉरिशस आपल्याला उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांमुळे आणि तिथे आजही नांदणाऱ्या मराठी समाजामुळे माहीत आहे. त्याच बेटावर नॅक्टस या वंशाच्या छोट्या, निशाचर पाली राहत होत्या. आज मुख्य बेटावर त्यांच्यातली एकही उरलेली नाही. किनाऱ्यापासून सुटलेल्या काही टिचभर बेटांवर त्या तग धरून आहेत. उंदरांनी त्यांना खाल्लं हे तर आहेच. पण निक कोल, कार्ल जोन्स आणि स्टीफन हॅरिस यांनी २००५ मध्ये दाखवलं, की फ्रेनेटसचाही त्यात मोठा हात आहे. ती नॅक्टसला दिवसा लपायच्या जागांमधून हुसकावते, चावे घेते, छोट्या पालींना खाते. नॅक्टस टिकतात तिथे सहसा पृष्ठभाग ठिसूळ, भुसभुशीत असतो. चिकटून धावणाऱ्या फ्रेनेटसची पकड तिथे सैल पडते. हवाईच्या हँगरमध्ये पत्रे लावून जे घडवलं गेलं, ते इथे ज्वालामुखीच्या ठिसूळ खडकाने आपोआप घडवलं. आसरा मिळाला तर दुबळ्या पालीलाही जगता येतं.

कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर आफ्रिकी माबुइया आल्यापासून तिथली मूळची फिलोडॅक्टायलस मार्टिनी इमारतींवरून हटत गेली. ज्या भिंतींवर पूर्वी ती दिसायची, तिथे आता माबुइया दिसते. मूळची पाल संपली नाही, पण तिचं राहणं घरांपासून दूरच्या जागांकडे ढकललं गेलं.

सर्वांत करुण प्रकरण जावाच्या दक्षिणेला असलेल्या, ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या ख्रिसमस बेटाचं. तिथली लिस्टर पाल २०१२ नंतर रानात दिसलेली नाही. निळ्या शेपटीची सापसुरळीही रानातून गेली. रानसापसुरळीची शेवटची ज्ञात मादी २०१४ साली बंदिवासात मेली आणि ती प्रजाती नष्ट झाल्याचं पुढे जाहीर झालं. या ऱ्हासाचा मुख्य संशयित पाल नाही. १९८०च्या दशकात तिथे पोचलेला लायकोडॉन साप आहे, आपल्याकडच्या कवड्या सापाचा जवळचा भाऊबंद. कवड्या पालीच खातो, हे घरात त्याला पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ख्रिसमस बेटावर आगंतुक पालींची मुबलक संख्या आधीच होती. सापाला त्यांनी पोसलं, आणि स्थानिक पाली-सापसुरळ्या विरळ झाल्यावरही साप उपाशी मेला नाही.

लिस्टर पाल आणि निळ्या शेपटीची सापसुरळी वाचवण्यासाठी २००९ पासून त्यांची पिंजऱ्यात पैदास सुरू झाली. काही जीव सिडनीच्या तारोंगा प्राणिसंग्रहालयात नेले गेले. बेटावरच्या पिंजऱ्यांत मग एक नवा जीवघेणा आजार निघाला: तोंड आणि अंग सुजत जायचं आणि प्राणी मरायचा. तपासात एंटेरोकॉकस गटातला एक अनोळखी जिवाणू सापडला. तोच जिवाणू बेटावरच्या मोकळ्या आगंतुक घरपालींतही मिळाला. भक्ष्य म्हणून पुरवठा आणि रोगाचं भांडार, अशा दोन भूमिका घरपालीने एकाच बेटावर वठवल्या.

परजीवींचा हा मुद्दा पूर्वी दुर्लक्षित होता. फ्रेनेटसबरोबर तिच्या कातडीवरचे गेकोबिया कोळीकिडेही ऑस्ट्रेलियात आले. त्याहून चकित करणारी गोष्ट तिथल्या ऊस-बेडकांच्या फुप्फुसात निघाली. हे बेडूक स्वतःच मूळचे दक्षिण अमेरिकेतले, तिथल्या सरकारी शेती-प्रयोगाची चूक म्हणून कुप्रसिद्ध. त्यांच्या फुप्फुसात सापडलेला परजीवी हा आशियाई घरपालीचा निघाला. दक्षिण अमेरिकेचा बेडूक, आशियाची पाल आणि तिचा परजीवी ऑस्ट्रेलियात भेटले आणि तिथल्या मूळच्या प्राण्यांभोवती रोगांचं एक नवं जाळं विणलं गेलं. पाल किती कीटक खाते एवढंच मोजून तिचा परिणाम ठरवता येत नाही तो यामुळे.

कोण परकं, किती दिवस?

या संशोधनातला एक पेच मान्य करायला हवा. हवाईत फ्रेनेटसने ज्या शोकपालीला हटवलं, तीही आणलेलीच होती, फक्त काही शतकं आधी. फ्लोरिडात टर्सिकसला गार्नोटीने आणि पुढे दोघींना माबुइयाने मागे सारलं, तिघीही बाहेरच्या. तिथे 'स्थानिकाचा पराभव' म्हणावा असं फारसं काही घडत नाही; एका आगंतुकाच्या जागी दुसरा येतो. अशी प्रकरणं पर्यावरणाचं संकट म्हणून मांडली की खऱ्या संकटांची धार बोथट होते. मॉरिशस आणि ख्रिसमस बेटावरच्या घटनांना जो शब्द लागतो, तोच ओर्लँडोच्या पार्किंगमधल्या पालीला लावू नये.

दुसरा पेच कारणांचा. स्थानिक पाल नाहीशी होते तेव्हा आगंतुक पाल हजर असते, पण उंदीर, मांजर, जंगलतोड आणि विजेचे दिवेही तिथेच असतात. म्हणून हवाईतल्या हँगरांसारखे, एकच गोष्ट बदलून पाहणारे प्रयोग मोलाचे. नुसत्या हजेरीपटावरून दोष ठरवायला गेलं तर पाल निष्कारण फासावर जाते.

घरातली समजूत

आपल्याकडे पालीशी नातं दीर्घ आणि द्विधा आहे. पंचांगात पल्लीपतनाची फळं छापलेली असतात: पाल डोक्यावर पडली तर काय, उजव्या खांद्यावर पडली तर काय. मनात शंका आली की तिथेही पालच चुकचुकते. त्याच वेळी संध्याकाळी दिव्याजवळचे कीटक टिपणाऱ्या पालीला बहुतेक घरांत हात लावला जात नाही. हे सहजीवन जगात इतरत्र दिसत नाही असं नाही, पण भारतात ते जुनं आहे. जी प्रजाती बाहेर जाऊन उपद्रवी ठरली, ती इथे आपल्या भक्षकांसह, रोगांसह आणि स्पर्धकांसह राहते. कवड्या साप, मांजर, मोठी पाल, कावळा, सगळे तिच्या मागावर असतात. त्यामुळे तिची गर्दी आवाक्यात राहते. परक्या बेटावर ती उतरते तेव्हा यातलं बरंचसं ओझं बंदरातच राहतं. उपद्रव तिच्या स्वभावात नाही, हे यातून दिसतं.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. भारतात कुठल्याही घरपालीला विष नाही. शाळेच्या खिचडीत पाल सापडली आणि मुलांना उलट्या झाल्या, अशा बातम्या दरवर्षी येतात. त्यात भीतीचा आणि एकमेकांना पाहून होणाऱ्या मळमळीचा भाग असतो. जो खरा धोका असतो तो विषाचा नसून पालीच्या आतड्यात आणि लेंड्यांत असणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंचा. तो टळतो अन्न झाकून ठेवल्याने आणि ओटा धुतल्याने. पाल मारल्याने टळत नाही, कारण लेंड्या आधीच पडलेल्या असतात. दुसऱ्या बाजूने, घरपाल डासांचा बंदोबस्त करते हा विश्वासही अर्धाच खरा. ती डास खाते, पण तिला पतंग, तुडतुडे, झुरळाची पिलं मिळाली तर ती मोठा घास आधी घेते. डेंग्यू आटोक्यात आणायचा तर साचलेलं पाणीच रिकामं करावं लागेल.

मग करायचं काय?

एकदा शहरात वसलेली घरपाल हटवता येत नाही, हे आता सर्वमान्य आहे. दर फटीत अंडी, दर दिव्याखाली नवी पिढी. औषध मारून ती जात नाही आणि त्या औषधाने बाकीचं बरंच जातं. म्हणून खर्चाची जागा दाराशी आहे. न्यूझीलंडमध्ये पाल सापडते ती बंदरावर, मालाच्या तपासणीत, कारण तिथे तपासणी खरोखर होते. बेटांवर जाणारं बांधकामाचं साहित्य, रोपवाटिकेतल्या कुंड्या, खोकी आणि होड्या यांची झडती हा सर्वांत स्वस्त उपाय; एकदा मादी उतरली की तो उपाय संपला.

ज्या बेटावर ती आधीच आहे, तिथे हवाई आणि मॉरिशसचा धडा उपयोगी आहे. स्थानिक पालीसाठी आसरे राखता येतात: ठिसूळ खडक, सालींचे थर, भेगा, दगडांचे ढीग. वस्तीला लागून असलेल्या रानाच्या कडेला रात्रभर दिवे जाळत ठेवले नाहीत, तर घरपालीला पुढे सरकायची शिडी मिळत नाही. दिवा बंद करणं हा पालीवरचा उपाय आहे हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वर दिलेले प्रयोग त्याच दिशेने बोट दाखवतात.

भारताने यातून आपल्या बेटांकडे पाहावं. अंदमानात अंगाने हिरवीगार, दिवसा फिरणारी फेल्सुमा अंदमानेन्सिस ही पाल फक्त तिथलीच आहे, आणि फ्रेनेटस त्याच बेटांवरच्या घरांत मुक्कामाला आहे. दोघींच्या वेळा वेगळ्या असल्या तरी लपायच्या फटी त्याच असू शकतात. मुख्य भूमीवरून श्री विजयपुरमला (पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला) जाणाऱ्या आणि तिथून लहान बेटांवर पोचणाऱ्या मालाची तपासणी, आणि पर्यटनासाठी उभ्या राहणाऱ्या नव्या सपाट, झगमगीत भिंतींचा विचार, हे दोन्ही आत्ताच सुरू व्हायला हवं. महाराष्ट्रात प्रश्न उलटा आहे. इथे घरपाल घरची आहे, तिला वाचवायची किंवा हाकलायची गरज नाही. जपायच्या आहेत त्या तिच्या गरीब नातलग: सड्यांवरच्या, घाटातल्या, एकाच डोंगरावर राहणाऱ्या पाली. त्यांना भिंत नको आहे आणि दिवाही नको आहे. पवनचक्क्यांचे रस्ते आणि बंगल्यांचे प्लॉट आखताना त्यांचे दगड जागच्या जागी ठेवणं, एवढंच त्यांचं मागणं आहे, आणि ते पुरं करणं बंदरावरच्या तपासणीपेक्षा कितीतरी सोपं आहे.